चौथा ठोका

६ फेब्रुवारी

प्रिय पोरी,

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘हॅलो हॅलो’ करतेस, मी ‘हो हो’ करते आणि तुझ्या त्या बोगद्याच्या कामावरची यंत्रं आपल्या दोघींपेक्षा जास्त बोलतात. शिवाय फोनवरचं बोलणं हवेत जातं. मला सगळं कागदावर लागतं. एकतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली एकोणीस परीक्षांची मुख्य पर्यवेक्षक म्हणून. तोंडी तक्रार मी कधी दिली नाही आणि कुणाची घेतलीही नाही.

तुझी लेक ठीक आहे. मी तिला गोगलगाय म्हणायचे, त्याचं आता ‘गोगी’ झालं आहे. सात वर्षांची घोडी झाली तरी बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, हे तू सोडून गेलीस तसंच आहे. ताटातले वाटाणे आधी एका रांगेत लावते, मग खाते. मला त्यात काही वावगं दिसत नाही. शिस्त आहे पोरीला.

आता मुद्दा. तू ज्या उपचार केंद्रात तिचं नाव घालून गेलीस, तिथे मंगळवारी तिला नेलं. आज दुसरी खेप झाली. डॉक्टर येणार म्हणून मी उभी राहिले, तर समोर आला एक तिशीतला पोरगा. पायात नुसते मोजे, डाव्या मोज्याला भोक आणि भोकातून अंगठा जगाकडे बघतो आहे. म्हणे ‘संगीतोपचारक’. मी विचारलं, “काय शिकवणार?” तर म्हणतो, “शिकवणार नाही, आजी. ती काय करते ते आधी बघणार.” अरे, बघायला मी घरी आहेच की!

पालकांनी खाली दिवाणखान्यात बसावं, असा फलक आहे. मी पालक नाही, पालकाची मावशी आहे. म्हणून मी एक खुर्ची उचलली आणि थेट वर, व्हरांड्याच्या टोकाला, त्याच्या बंद दाराशी नेऊन ठेवली. दाराला वरच्या अर्ध्यात धुरकट काच आहे. दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. शेजारच्या खोलीत मोठ्या मुलांची सुतारकामाची कार्यशाळा आहे, तिथली ठोकाठोकी चालू असते. तिच्याआडून आतलं ओळखायला मला जड नाही. भर परीक्षेत तिसऱ्या बाकावरची कुजबुज ऐकणारे कान आहेत माझे.

मला या माणसाचा संशय येतो. लक्ष ठेवून आहे.

तुझी मावशी

*

१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र सामानाच्या जीपमधून आलं. माझ्या तंबूतल्या दोघीजणींना मोज्याचं भोक वाचून दाखवलं, तेव्हापासून इथे प्रत्येक नव्या इंजिनियरचे मोजे तपासले जातात.

पण मावशी, हात जोडते, जरा सबुरीने घे. दुधवाला, शिंपी, माझ्या शिकवणीचे सर, तुला पहिल्या आठवड्यात संशय आला नाही असा माणूस मला आठवत नाही. सर तर बिचारे तुला बघून फळा पुसायचेही घाबरून.

त्या जागेसाठी चौदा महिने यादीत थांबले होते मी. बारा आठवडे झाले की ते विचारणार आहेत, पुढे चालू ठेवायचं की नाही. नाही म्हटलं, तर जागा पुढच्या मुलाला जाईल आणि आपण पुन्हा यादीच्या शेपटाला. मी इथून काही बघू शकत नाही. तू जे लिहिशील त्यावर ठरवणार आहे. म्हणून दिसेल तेवढंच लिही. वाटेल ते नको.

निघताना मी तिला जवळ घेतलं होतं. ती माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होती. मी मे महिन्यात परत येईन, तेव्हा तिला कळेल तरी का, कोण आलं, एवढंच डोक्यात फिरत असतं. तिने माझ्याकडे एकदा बघावं. बोलू नको म्हणावं.

आणि खाली बस ना, फलक आहे तर!

तुझी,
बोगद्यातली उंदरीण

*

२४ फेब्रुवारी

प्रिय उंदरीण,

‘दिसेल तेवढंच लिही’ म्हणतेस. बरं. दिसत नाही, ऐकू येतं तेवढं लिहिते.

तो माणूस एकच धून वाजवतो. जुना पियानो आहे, त्यावर आठ-दहा सुरांची साधीशी धून. ती झाली की हातातल्या लाकडी खोक्यावर ठोके. टक, टक, टक. आणि थांबतो! चौथा ठोका पडायला हवा, धून तिथे मिटते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. हा पठ्ठ्या तीन ठोके देतो आणि गप्प बसतो. मी घड्याळ लावून मोजलं, एकदा चाळीस सेकंद गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. चाळीस मिनिटं हेच.

तुला ठाऊक आहे, आमच्या कॉन्व्हेंटात पियानोची सिस्टर लाकडी पट्टी घेऊन मागे उभी असायची. धून पुरी न करता बाकावरून उठलं, की बोटांच्या पेरांवर पट्टी. साठ वर्षं झाली, अजून अर्धवट सूर ऐकला की माझी पेरं ठणकतात. पहिल्या दिवशी मी कसंबसं सोसलं. दुसऱ्या दिवशी मीच बाहेरून छत्रीच्या टोकाने दाराच्या चौकटीवर चौथा ठोका दिला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. आता दर खेपेला देते. हळूच. कार्यशाळेच्या गलक्यात कुणाला कळतही नाही. कुणीतरी त्या बिचाऱ्या धुनेला घरी पोचवायला हवं ना!

माझं मत विचारशील, तर त्याला शेवट येतच नाही. कुठूनतरी अर्धी शिकून आला आहे.

आणि मुलीवर परिणाम? ऐक. तिला दारं बडवायची सवय लागली आहे. मी न्हाणीघरात गेले की बाहेरून धाड, धाड, धाड. उघडून बघावं, तर ही नुसती उभी. काही नको असतं. परवा मी दुपारची पडले होते, तर झोपायच्या खोलीच्या दारावर तेच. सात वर्षांत या मुलीने कधी भांड्याचा आवाज केला नाही, आणि आता ही थेरं! मी खडसावलं. “दार काय फोडायचंय का?” तर भोकाड पसरलं.

उपचाराने मूल सुधारतं असं ऐकलं होतं. हे बिघडायचं औषध दिसतंय.

मावशी

*

५ मार्च

प्रिय मावशी,

दार बडवते? ती? तुझं वाक्य मी चारदा वाचलं. तिने कधी कुठल्या वस्तूला मुद्दाम हात लावून आवाज केल्याचं मला आठवत नाही. घाबरली असेल का कशाला? तिथे आत रडते का? बाहेर येते तेव्हा चेहरा कसा असतो? तू मोज्यांचं लिहितेस, धुनेचं लिहितेस, पण माझ्या मुलीचा चेहरा लिहीत नाहीस.

खरं सांगू, मलाही आता झोप लागेना. दार बंद का ठेवतो तो? काच धुरकट कशाला? भरती करताना मी ही खोली बघितलीच नव्हती, खालच्या बाईंनी गोड बोलून अर्ज भरून घेतला.

पण मावशी, एक विचारते, रागावू नको. माझ्या शिकवणीच्या सरांच्या वेळी तू आईला सांगितलंस की ते झोपा काढतात. ते डोळे मिटून गणित करायचे. मला ठाऊक होतं, पण मी गप्प बसले, कारण मला शिकवणी नको होती. या वेळी जी गप्प आहे, तिला बोलताच येत नाही. म्हणून नीट बघ.

तुझी उंदरीण

*

२० मार्च

पोरी,

सर वर का काढलेस ते कळलं. डोळे मिटून गणित! घोरत करायचे का?

असो. चेहरा विचारलास, तर ऐक. या मंगळवारी माझी दाढ काढायची होती म्हणून शेजारणीला पाठवलं. ती आपली खाली विणकाम घेऊन बसली. परत आली ती सांगत, की गोगी रडून लाल होऊन बाहेर आली. इतके दिवस मी दाराशी होते, एकदाही रडली नाही. मी एक दिवस नाही, आणि रडते. याचा अर्थ मी सांगायला हवा?

आज गेले, ते ठरवूनच गेले. तो पाणी आणायला खाली गेला आणि त्याची वही माझ्याच खुर्चीवर राहिली. उघडी पडलेली वही पर्यवेक्षकाने बघायची असते, तसा नियमच आहे. अक्षर कावळ्याचे पाय. पण मी हजारो उत्तरपत्रिका पाहिल्या आहेत. जे वाचलं ते जसंच्या तसं उतरवते:

‘२० फेब्रु. दार.’
‘२४ फेब्रु. दार, ४ वेळा.’
‘६ मार्च. पुन्हा दार. ९ वेळा. माझ्याकडे नाही, दाराकडे.’
‘१७ मार्च. दारापाशीच. रडली. सोडवेना.’

वाचलंस? मुलगी नऊ-नऊ वेळा दाराकडे धावते आहे! तिला बाहेर पडायचं आहे, आणि हा गृहस्थ दार बंद ठेवून वहीत मोजतो आहे. घरी ती दारं का बडवत होती ते आता उमगलं. कोंडून ठेवलेलं मूल आणखी काय करणार? आणि मी, मूर्ख, बाहेर बसून त्याची धून पुरी करत होते.

उद्यापासून मी तिला नेणार नाही. तू तिकडून कळव त्यांना. लेखी कळव.

मावशी

*

२५ मार्च

मावशी,

केंद्राला आजच लिहिलं आहे. जागा सोडली. कारण विचारलं तर सांगेन म्हटलं. नऊ वेळा. मी तिला तिथे स्वतः घातलं, मावशी. चौदा महिने रांगेत उभी राहून घातलं.

तिला जवळ घेऊ नको, तिला आवडत नाही. नुसती शेजारी बस.

*

३१ मार्च

ताई, नमस्कार.

मी तुमच्या मुलीचा संगीतोपचारक. तुमचं पत्र मिळालं. जागा सोडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तरी कार्यालयाला विनंती करून दहा एप्रिलपर्यंत ती कुणाला दिलेली नाही, कारण मला जे कळलं ते तुम्हाला कळायलाच हवं. आणि त्यात माझीही चूक आहे.

आम्ही एक छोटीशी धून वापरतो. शेवटी मी लाकडी खोक्यावर तीन ठोके देतो आणि चौथा मुद्दाम सोडतो. तो मुलाचा. मूल तो देईपर्यंत मी थांबतो. काही मुलं दुसऱ्या दिवशी देतात, काही सहा महिन्यांनी. दिला, की ते त्याचं आपणहून बोललेलं पहिलं वाक्य समजायचं. म्हणून ती गप्प जागा आम्ही जिवापाड जपतो.

तुमची मुलगी चौथा ठोका देईना. पण मी थांबलो की ती दाराकडे बघायची. मला वाटलं, काचेतला उजेड आवडतो. मी वहीत ‘दार’ एवढंच लिहीत गेलो. मग ती उठून दाराशी जायला लागली. बाहेरून कधीकधी टक् असा आवाज यायचा, तो मी शेजारच्या सुतारकामाचा समजत होतो.

सतरा तारखेला ती दाराशी गेली आणि तिने स्वतः दारावर तीन ठोके दिले. मोजून तीन. मग कान लावून थांबली. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा तीन. पुन्हा थांबली. असं सहा वेळा केलं आणि मग रडायला लागली. मी खोका पुढे केला, चौथा ठोका दिला, तर तिने माझा हात बाजूला सारला. तिला माझा नको होता.

वीस तारखेला टक् परत आला आणि ती हसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या रात्री नाही, पण पुढच्या दोन दिवसांत मी आधीची सगळी चित्रणं ऐकली. कॅमेरा दाराजवळच असतो. कार्यशाळा बंद असते त्या दिवशीही तो टक् आहे, बरोब्बर माझ्या थांबण्यानंतर, अगदी तालात. शिपायांना विचारलं. सतरा तारखेला वर खुर्ची टाकून बसणाऱ्या आजी आल्या नव्हत्या, एवढाच फरक.

ताई, गेला दीड महिना तुमची मुलगी आजींशी बोलते आहे. बंद दारातून. मी नुसता मध्ये बसलो होतो.

आजींना दोष देऊ नका. पण जोवर उत्तर बाहेरून मिळतं आहे, तोवर ती स्वतः देणार नाही, हेही खरं. घरी ती कुठल्या दारावर तीनदा ठोकते का, एवढं विचाराल?

आपला,
संगीतोपचारक

*

४ एप्रिल

मावशी,

सोबत त्यांचं पत्र आहे. आधी वाच, मग खुर्चीत बस.

‘धाड, धाड, धाड’ असं तूच लिहिलं होतंस. तीनदा लिहिलं होतंस. मी ते चारदा वाचलं, आणि मलाही मोजता आलं नाही.

ती दारं फोडत नव्हती. तुला हाक मारत होती. माझी मुलगी हाक मारत होती, मावशी, आणि तू खडसावलंस.

मला आत्ता तुझा इतका राग आला आहे आणि इतका हेवा वाटतो आहे, की काय लिहावं कळत नाही. दहा तारखेच्या आत काय ते कर. मी इथून निघू शकत नाही.

*

७ एप्रिल

संगीतोपचारकांस,

हे पत्र मी तुमच्या हातात देणार आहे, कारण माझ्या तोंडून हे निघणार नाही.

मी एकोणीस वर्षं परीक्षांवर पर्यवेक्षण केलं. त्या काळात एकशे बारा मुलांना उत्तरं सांगताना किंवा विचारताना पकडलं. एका शिक्षिकेला खिडकीतून आपल्या भाच्याला उत्तर सांगताना पकडलं, आणि तिची बदली होईपर्यंत स्वस्थ बसले नाही. ती रडत म्हणाली होती, “बाई, राहवलं नाही हो.” मी म्हटलं होतं, “न राहवणाऱ्यांनी परीक्षागृहाच्या आसपास फिरकू नये.”

तर, नाव नोंदवून घ्या. मी दाराबाहेरून उत्तर सांगत होते. कुंपणानेच शेत खाल्लं. तुम्हाला धुनेचा शेवट येत नाही, असंही मी लेखी कळवलं होतं. ते मागे घेते. तुमची वही मी वाचली. तेही माझ्याच खात्यावर टाका. अक्षर मात्र सुधारा, म्हणजे पुढच्या म्हातारीचा असा घोळ होणार नाही.

उत्तर सांगितल्याची शिक्षा परीक्षार्थीला नसते, पर्यवेक्षकाला असते. तिची जागा ठेवा. मला काढा. मी खाली बसेन, फलकाप्रमाणे. छत्री शिपायाकडे जमा करीन.

ती घरी दारावर ठोकते का, असं तुम्ही विचारलं आहे. ठोकायची. मी ओरडल्यापासून बंद केलं आहे.

मावशीआजी

*

२१ एप्रिल

प्रिय पोरी,

आधी कामाचं. जागा राहिली. त्या मुलाने (आता ‘मुलगा’ म्हणते, मोजे बदलले आहेत त्याने) माझं पत्र माझ्यासमोर उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाला, “आजी, खाली नको. आत या. फक्त हात रिकामे ठेवा.”

दहा तारखेला आत बसले. हात मांडीखाली दाबून. त्याने धून वाजवली, टक, टक, टक. आणि ती शांतता! बाहेरून मी तिला अडाणीपणा म्हणत होते. आत बसलं की कळतं, ते किती जड काम आहे. माझी पेरं नुसती ठणकत होती. गोगीने दाराकडे पाहिलं. दार गप्प. मग माझ्याकडे पाहिलं. सरळ, माझ्या तोंडाकडे. पोरी, मी परीक्षेत कुणालाही नजरेने उत्तर सांगितलेलं नाही, आणि त्या दिवशीही नाही सांगितलं. तिने चौथा ठोका दिला नाही. चौदाला नाही. सतराला नाही.

घरी मी दर दुपारी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसायला लागले. पालथ्या बादलीवर. वीस-वीस मिनिटं. म्हटलं, ठोकेल. ठोकेना. ओरड खाल्लेल्या मुलाला पुन्हा हात वर करायला किती दिवस लागतात, याचा तक्ता कुठल्याच शाळेत नाही. शेजारीण विचारून गेली, “पोटाचं काही आहे का हो?” मी म्हटलं, “डोक्याचं आहे.”

काल असेच बसले होते. बाहेर तिची पावलं आली आणि दाराशी थांबली. खालच्या फटीतून तिच्या पायांची सावली दिसत होती. मी वाट पाहिली. काही नाही. मग मला सुचलं, की मी इतके दिवस तिने विचारावं म्हणून बसले आहे. मी कधी विचारलंच नाही तिला. उत्तरं द्यायचीच खोड मला.

म्हणून मी आतून दारावर ठोकलं. टक, टक, टक. आणि हात पुन्हा मांडीखाली.

सिस्टर पट्टी घेऊन मागे उभी आहे, असं वाटलं. नळातून थेंब पडत होता, तो मोजला. एकवीस.

मग बाहेरून एक ठोका आला. लहानसा. बोटाच्या पेराने दिलेला.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. एका ठोक्यावर मी कुणाला पास करत नाही. चुकून कोपर लागलं असेल, म्हटलं. पुन्हा तीन दिले. आला. पुन्हा दिले. असं नऊ वेळा केलं, त्यात सात वेळा चौथा आला. दोनदा नाही आला, तेव्हा ती हसत होती, ते ऐकू येत होतं. मला झुलवत होती कार्टी. नवापैकी सात. माझ्या हाताखाली एवढे गुण फार थोड्यांना मिळाले आहेत.

गॅसवर दूध होतं, ते सगळं उतू गेलं. जाऊ दे.

तू एकोणीस मेला येतेस. हेवा वाटतो म्हणालीस, तर आता सांगते ते नीट वाच. बेल वाजवू नकोस. हाक मारू नकोस, आल्याआल्या कवटाळू नकोस. किल्ली असली तरी लावू नकोस. मी तिला दाराच्या आतल्या बाजूला आणून उभी करीन आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसेन, दोन्ही हात मांडीखाली घालून.

दारावर तीनदा ठोक, आणि थांब. कितीही वेळ लागो, थांब. चौथा आपला नाही.

तुझी मावशी